सकाळच्या त्या वीस मिनिटांसाठी स्टोरेज बांधा : व्हर्च्युअल डेस्कटॉपचा वेग मोजण्यापासून वाढवण्यापर्यंत

नऊ वाजतात. माणसं जागेवर बसतात, थिन क्लायंट (सर्व्हरवरचा डेस्कटॉप दाखवणारं छोटं यंत्र) सुरू करतात, पासवर्ड टाकतात आणि गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे बघत बसतात. हेल्पडेस्कचा फोन खणखणू लागतो. सर्व्हर उघडून बघावा तर सीपीयू चाळीस टक्क्यांवर, रॅम शिल्लक, स्टोरेजमध्ये निम्मी जागा रिकामी. साडेनऊपर्यंत सगळं आपोआप सुरळीत होतं, म्हणून कोणी खोलात जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

व्हर्च्युअल डेस्कटॉपचं, म्हणजे सर्व्हरवर चालून लोकांच्या पडद्यावर नुसत्या दिसणाऱ्या डेस्कटॉपचं, काम करताना हे चित्र मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्टोरेज घेताना टीबी मोजले होते की आयओपीएस, म्हणजे सेकंदाला होणारी वाचन-लेखनं? उत्तर बहुतेक वेळा टीबी हेच येतं. नगरपालिकेचं पाणी सकाळी तासभर येतं आणि अख्खी चाळ त्याच वेळी नळ सोडते. गच्चीवरची टाकी कितीही मोठी असली तरी खाली येणारा पाइप बारीक असेल तर वरच्या मजल्यावर धारच लागते. डेस्कटॉपचं तसंच आहे. टीबी म्हणजे टाकी. सेकंदाला किती वाचन-लेखन होतं आणि प्रत्येकाला किती मिलिसेकंद थांबावं लागतं, तो पाइप.

पुढच्या पायऱ्या साधारण ५० ते ५०० डेस्कटॉपच्या मांडणीसाठी आहेत. उदाहरणं ईएसएक्सआय होस्टवरच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सर्व्हरवरच्या) विंडोज डेस्कटॉपची घेतली आहेत, वर डेस्कटॉप लोकांपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर हॉरायझन असो वा सिट्रिक्स. हायपरव्हायजर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक मशीन चालवणारं ईएसएक्सआयसारखं सॉफ्टवेअर, वेगळा असेल तर साधनांची नावं बदलतील, हिशेब तोच राहील.

पायरी १ : काही विकत घेण्याआधी मोजा

मोजणी दोन जागी करायची, डेस्कटॉपच्या आत आणि होस्टवर. एकाच जागी केली तर दोष भलत्याच्याच माथी बसतो.

आतल्या बाजूला विंडोजचा परफॉर्मन्स मॉनिटर पुरतो. फिजिकल डिस्कखालचे तीन काउंटर लावा: ॲव्हरेज डिस्क सेक पर रीड, ॲव्हरेज डिस्क सेक पर राइट आणि डिस्क ट्रान्स्फर्स पर सेक. पहिले दोन आकडे सेकंदात दिसतात, म्हणजे ०.०१० हे १० मिलिसेकंद. फ्लॅश स्टोरेजवर नेहमीच्या कामात हा आकडा एक-दोन मिलिसेकंदांच्या आसपास असावा. तो सतत २० च्या वर राहिला तर वापरणाऱ्याला क्लिकगणिक जाणवतं. सोबत मेमरीखालचा पेजेस पर सेक हा काउंटरही लावाच. ४ जीबी रॅम दिलेल्या डेस्कटॉपवर ब्राउझरचे वीस टॅब आणि टीम्स उघडलं की विंडोज पेजफाइलवर (रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरायच्या फाइलवर) तुटून पडतं. ते सगळं डिस्कवरचं ओझं म्हणून दिसतं, पण दुखणं रॅमचं असतं. अशा ठिकाणी रॅम ८ जीबी केल्याने जो फरक पडतो, तो नवं स्टोरेज घेऊनही पडत नाही.

होस्टवर ईएसएक्सटॉप हे ईएसएक्सआयचं मोजणीचं साधन चालवा. 'यू' दाबलं की डिव्हाइसनिहाय आकडे येतात, 'व्ही' दाबलं की व्हर्च्युअल मशीननिहाय. इथे तीन खुणा समजून घ्या. डीएव्हीजी म्हणजे विनंती होस्टमधून निघून स्टोरेजकडे जाऊन परत येईपर्यंतचा वेळ. केएव्हीजी म्हणजे ती विनंती हायपरव्हायजरच्याच आत किती वेळ अडकली. जीएव्हीजी ही दोन्हींची बेरीज, म्हणजे डेस्कटॉपला प्रत्यक्ष भोगावा लागणारा विलंब. डीएव्हीजी सतत २०–२५ मिलिसेकंदांच्या वर असेल तर स्टोरेज किंवा त्याच्याकडे जाणारा रस्ता तपासा. डीएव्हीजी छान आहे आणि केएव्हीजी मात्र २ च्या वर जातोय, तर रांग होस्टमध्येच लागली आहे. अशा वेळी स्टोरेज बदलणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

आता मोजणीतली सगळ्यात मोठी चूक. आलेख सरासरीवर बघितला जातो. व्हीसेंटर (सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) ताजे आकडे २० सेकंदांच्या अंतराने दाखवतं, पण मागच्या आठवड्याचा आलेख काढला की प्रत्येक ठिपका ३० मिनिटांची सरासरी असतो आणि महिन्याच्या आलेखात २ तासांची. सकाळची दहा-वीस मिनिटं त्यात विरघळून जातात. "महिन्याचा आलेख बघा, कुठे काही नाही," असं ठामपणे सांगणारी चांगली जाणती माणसं मला भेटली आहेत. आलेख खरा असतो, त्याची फूटपट्टी चुकीची असते. म्हणून सकाळी साडेआठ ते दहा ईएसएक्सटॉप बॅच मोडमध्ये ५ सेकंदांच्या अंतराने चालवून फाइल साठवा. असे तीन कामाचे दिवस घ्या, त्यात सोमवार हवाच.

पायरी २ : ओझं कसलं आहे ते ओळखा

डेस्कटॉप सुरू होताना ओझं मुख्यतः वाचनाचं असतं. सगळी मशीन त्याच त्या विंडोज फाइली वाचतात. लोक कामाला लागले की उलटं होतं. लेखन ७०–८० टक्क्यांपर्यंत जातं, कारण वाचलेलं बरंचसं रॅममध्ये साठून राहतं, पण लॉग, टेम्प फाइली, ब्राउझरची कॅश, प्रोफाइल (वापरकर्त्याच्या सेटिंग आणि फाइली) हे सगळं लिहावंच लागतं. त्यातही ब्लॉक छोटे आणि विखुरलेले. एकेका डेस्कटॉपचं लेखन ओळीने असलं तरी शंभर डेस्कटॉपचे प्रवाह एकाच डेटास्टोअरवर (मशीनच्या डिस्क फाइली ठेवायच्या सामाईक जागेवर) मिसळले की स्टोरेजला ते मिक्सरमधून काढल्यासारखं दिसतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा: विक्रेत्याच्या पत्रकातला मोठा आकडा १०० टक्के वाचनाचा आणि ४ केबी ब्लॉकचा असेल, तर तुमच्या कामाशी त्याचा फारसा संबंध नाही. त्यांच्याकडून ७५–८० टक्के लेखन, विखुरलेला ८ केबी ब्लॉक आणि त्या वेळचा विलंब असे आकडे मागा. विलंबाशिवाय दिलेला आयओपीएस स्वीकारू नका. एका वेळी ३२ विनंत्या वाटेत असतील आणि प्रत्येकीला ५ मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला ६४०० होतात. त्याच विनंत्यांना २० मिलिसेकंद लागले तर १६००. यंत्र तेच, रांग तेवढीच, काम चौथाई.

पायरी ३ : कागदावर हिशेब मांडा

धरा, २०० डेस्कटॉप आहेत. ऑफिस, ब्राउझर, एखादं ईआरपी असं मध्यम काम. पायरी १ मधल्या मोजणीवरून प्रत्येकाचे सरासरी १५ आयओपीएस निघाले. एकूण ३०००. त्यातलं ७५ टक्के लेखन, म्हणजे २२५० लेखनं आणि ७५० वाचनं.

आता रेडचा, म्हणजे एखादी डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्क जोडायच्या मांडणीचा, कर. रेड १० मध्ये एका लेखनासाठी मागे २ कामं होतात, रेड ५ मध्ये ४, रेड ६ मध्ये ६. म्हणजे मागच्या डिस्कवर पडणारं ओझं रेड १० ला ७५० + ४५०० = ५२५०, रेड ५ ला ७५० + ९००० = ९७५० आणि रेड ६ ला ७५० + १३५०० = १४२५०. मिनिटाला दहा हजार फेऱ्यांची एक एसएएस डिस्क साधारण १३० आयओपीएस देते असं धरलं तर रेड १० ला ४२ डिस्क, रेड ५ ला ७५ आणि रेड ६ ला ११० लागतात. हे फक्त शांत दुपारचं ओझं आहे, सकाळचं अजून यात धरलेलंच नाही. ७२०० फेऱ्यांची साटा डिस्क तर ७५–८० आयओपीएसवरच थकते. "आमच्याकडे बारा डिस्कचं रेड ६ आहे, त्यावर दोनशे डेस्कटॉप चालतील का?" या प्रश्नाचं उत्तर या हिशेबात आहे.

म्हणून आज नवी मांडणी करताना डेस्कटॉपसाठी फिरत्या डिस्कचा विचार करू नका. फ्लॅशच घ्या. बजेट कमी असेल तर डेस्कटॉपची संख्या कमी करा, पण हा बदल टाळू नका. फिरत्या डिस्क फाइल सर्व्हर आणि बॅकअपला ठेवा.

फ्लॅशवर गेलं की लोकांना झिजेची भीती वाटते, तिचाही हिशेब करून टाका. २२५० लेखनं, सरासरी ८ केबी, म्हणजे सेकंदाला १८ एमबी. आठ तासांत सुमारे ५२० जीबी. मिररिंगमुळे (प्रत्येक लेखनाच्या दोन प्रती ठेवल्यामुळे) दुप्पट धरा, तरी दिवसाला १ टीबीच्या आसपास. ३.८४ टीबीची आणि रोज एकदा पूर्ण भरून लिहिण्याची हमी पाच वर्षांसाठी देणारी एकच डिस्क रोज ३.८४ टीबी सोसते. तुमच्याकडे अशा निदान चार तरी असतील, तेव्हा ही काळजी सोडा.

जागेच्या हिशेबात एक गोष्ट हमखास विसरली जाते. ईएसएक्सआय प्रत्येक चालू मशीनसाठी एक स्वॅप फाइल (होस्टची रॅम कमी पडल्यास डिस्कवर वापरायची) बनवतं आणि तिचा आकार दिलेल्या रॅममधून राखीव ठेवलेली रॅम वजा केल्यावर उरेल तेवढा असतो. २०० डेस्कटॉप, प्रत्येकी ८ जीबी, राखीव काही नाही: १.६ टीबी नुसती स्वॅपची. रॅम पूर्ण राखीव ठेवली तर ही जागा शून्यावर येते आणि होस्टवर रॅम जास्तीची वाटून टाकायचा मोहही राहत नाही.

पायरी ४ : गोल्डन इमेज हलकी करा

या पायरीला पैसा लागत नाही आणि फायदा लगेच दिसतो, म्हणून इथे घाई करू नका. गोल्डन इमेज म्हणजे जिच्या प्रतींवरून सगळे डेस्कटॉप बनतात ती मूळ इमेज. तिच्यात एका डेस्कटॉपचे ३ आयओपीएस वाचवले तर २०० डेस्कटॉपवर ६०० वाचतात.

हॉरायझनसाठी ओएस ऑप्टिमायझेशन टूल आहे, सिट्रिक्ससाठी सिट्रिक्स ऑप्टिमायझर. दोन्ही चांगली आहेत, पण सगळ्या चौकटींवर टिक लावून मोकळं होऊ नका. ठरलेल्या वेळी होणारं डीफ्रॅग, सिस्टिम रिस्टोर, हायबरनेशन आणि सिसमेन ही सेवा निःशंक बंद करा. विंडोज अपडेट डेस्कटॉपमध्ये बंद ठेवून फक्त गोल्डन इमेजमध्ये करा. विंडोज सर्चच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. सर्च बंद केलं की डिस्क हलकी होते हे खरं, पण आउटलुकमध्ये जुनं पत्र शोधणाऱ्या माणसाचं काम अडतं. त्याच्या दृष्टीने डेस्कटॉप आणखी हळू झालेला असतो.

इमेजसोबत येणारी स्टोअरची ॲप्स काढा. प्रत्येक नव्या लॉगिनला विंडोज ती त्या वापरकर्त्यासाठी नोंदवतं, आणि जिथे डेस्कटॉप रोज नव्याने तयार होतो तिथे हे रोज घडतं. इमेज बंद करण्याआधी डॉटनेटच्या एनजेन साधनाने रांगेतली उरलेली संकलनं (कोड यंत्राच्या भाषेत आणायची कामं) पूर्ण करून घ्या, नाहीतर तेच काम सकाळी दोनशे मशीन स्वतंत्रपणे करत बसतील.

व्हर्च्युअल मशीनचा डिस्क कंट्रोलर पीव्हीस्कझी निवडा. त्याची प्रत्येक डिस्कमागची मूळ रांग, म्हणजे एका वेळी वाटेत राहू शकणाऱ्या विनंत्या, ६४ ची आहे, एलएसआय लॉजिकची ३२ ची.

पायरी ५ : वादळं पसरवा

सगळी मशीन एकदम सुरू होणं, सगळ्यांनी एकदम लॉगिन करणं, अँटिव्हायरसने सगळीकडे एकदम तपासणी सुरू करणं: या तिन्हींना आपण वादळ म्हणतो. यातली दोन केवळ वेळापत्रकाने शमतात.

डेस्कटॉप लोकांनी आल्यावर सुरू होऊ देऊ नका. पूलमध्ये (एकसारख्या डेस्कटॉपच्या गटात) मशीन आधीच चालू ठेवायची सोय आहे, ती वापरा. सात-साडेसातपासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन सगळी साडेआठला शांत झालेली असावीत. हॉरायझनमध्ये व्हीसेंटरवर एका वेळी किती पॉवर क्रिया पाठवायच्या त्याची मर्यादा असते, मूळ आकडा ५०. स्टोरेज अशक्त असेल तर तो खाली आणा. वीज जाऊन सगळे होस्ट एकदम परतले तर काय होईल, हेही आत्ताच ठरवा. आपल्याकडे हा प्रसंग पावसाळ्यात हमखास येतो. डोमेन कंट्रोलर (पासवर्ड तपासणारा), कनेक्शन सर्व्हर (माणसाला त्याच्या डेस्कटॉपशी जोडणारा) आणि प्रोफाइलचा सर्व्हर आधी, डेस्कटॉप नंतर आणि तेही गटागटाने, असा क्रम लिहून भिंतीवर लावा.

वाचनाचं वादळ होस्टच्या रॅममध्ये जिरवता येतं. हॉरायझनमधलं व्ह्यू स्टोरेज ॲक्सिलरेटर हेच करतं. सगळ्या डेस्कटॉपना लागणारे सामाईक ब्लॉक होस्टच्या रॅममध्ये ठेवून वाचन स्टोरेजपर्यंत जाऊच देत नाही. सिट्रिक्सच्या प्रोव्हिजनिंगमध्ये आणि एमसीएसमध्ये (डेस्कटॉप तयार करण्याच्या त्याच्या दोन पद्धतींमध्ये) लेखनसुद्धा आधी रॅममध्ये घेऊन, ती भरली की डिस्कवर उतरवायची सोय आहे. ती फार प्रभावी आहे. मात्र रॅमचा वाटा अगदीच कमी ठेवला तर दुपारपर्यंत तो भरतो आणि सगळ्यांचं लेखन साधारण एकाच सुमारास डिस्कवर सांडायला लागतं. सकाळी उत्तम आणि तीननंतर मंद अशी तक्रार आली की आधी इथे बघा.

अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी गोल्डन इमेजवर करा आणि डेस्कटॉपवरच्या तपासणीची वेळ विखुरलेली ठेवा. डिफेंडर वापरत असाल तर व्हायरस ओळखायच्या नव्या व्याख्या एका सामाईक शेअरवर (नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये) उलगडून ठेवायची सोय त्यात आहे, मग प्रत्येक मशीनला ते काम करावं लागत नाही. रात्रीचा बॅकअप लांबत जाऊन सकाळी आठला शिरतोय का, हेही बघून घ्या.

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लॅबमध्ये हिशेब थोडा वेगळा होतो. तिथे प्रॅक्टिकल सुरू झालं की साठ मुलं एकाच मिनिटात लॉगिन करतात, आणि दर दोन तासांनी नवी साठ येतात. तिथे दिवसातून चार वेळा सकाळ होते. लॅबचं वेळापत्रक हाती आल्याशिवाय स्टोरेजचा आकडा ठरवू नका.

पायरी ६ : प्रोफाइल वेगळ्या जागी ठेवा

डेस्कटॉपची डिस्क वेगवान झाली तरी लॉगिन हळूच, असं झालं की नजर प्रोफाइलकडे वळवा. आज बहुतेक ठिकाणी एफएसलॉजिक्स असतं. मायक्रोसॉफ्टने ही कंपनी २०१८ मध्ये घेतली. वापरकर्त्याचं सगळं प्रोफाइल एका व्हर्च्युअल डिस्क फाइलमध्ये राहतं आणि ती फाइल शेअरवरून जोडली जाते. मायक्रोसॉफ्टचंच मार्गदर्शन असं की एका वापरकर्त्यामागे नेहमीच्या कामात सुमारे १० आयओपीएस आणि लॉगिन-लॉगआउटच्या वेळी सुमारे ५० धरावेत. आपल्या २०० जणांसाठी शांत वेळी २०००, आणि सगळे एकदम आले तर १०,०००. पायरी ३ मध्ये डेस्कटॉपच्या डिस्कसाठी मांडलेला हिशेब आणि हा, दोन्ही एकाच जुन्या फाइल सर्व्हरवर लादले तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

प्रोफाइलच्या शेअरला स्वतःचं फ्लॅश द्या. त्या व्हर्च्युअल डिस्क फाइली अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा, शेअरच्या बाजूनेही आणि डेस्कटॉपच्या बाजूनेही. प्रोफाइलमध्ये नेमकं काय फुगतं तेही बघा, बहुधा आउटलुकची कॅश फाइल आणि टीम्सची कॅश. आउटलुकची कॅश एका वर्षाऐवजी तीन महिन्यांची ठेवली तर बहुतेकांना फरक कळतही नाही.

डेस्कटॉप अझ्युअरवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) असतील तर शेअर आणि डेस्कटॉप एकाच रीजनमध्ये, म्हणजे एकाच ठिकाणच्या डेटा सेंटरमध्ये, ठेवा. सेंट्रल इंडिया हे रीजन पुण्यात आहे. डेस्कटॉप पुण्यात आणि प्रोफाइल दुसऱ्या रीजनमध्ये असलं की प्रत्येक छोट्या वाचनावर त्या अंतराचा विलंब चढतो आणि डिस्कचा दर्जा वाढवूनही तो जात नाही.

पायरी ७ : मधला रस्ता तपासा

फ्लॅश बसवूनही वेग न वाढण्याची कारणं बहुतेक वेळा इथे सापडतात.

१ गिगाबिटची आयस्कझी (नेटवर्कवरून स्टोरेजला जोडणारी) लाइन सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी नेते. ३२ केबीच्या ब्लॉकने मोजलं तर ३९०० विनंत्यांवर ती संपली, मागे कितीही चांगलं यंत्र असो. निदान १० गिगाबिट हवं, आणि स्टोरेजची वाहतूक वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरच्या स्वतंत्र नेटवर्कवर). जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेट) वापरणार असाल तर होस्ट, स्विच आणि स्टोरेज तिन्हींवर सारख्याच लावा. व्हीएमकेपिंग या होस्टवरच्या साधनाने पॅकेट न तोडता ८९७२ बाइटचं पार जातं का बघा. एका स्विचवर जुनी सेटिंग राहिली की चमत्कारिक, मधूनच येणारा मंदपणा दिसतो आणि तो शोधण्यात दिवस जातात.

सर्व्हरच्या आतल्या डिस्क वापरत असाल तर रेड कंट्रोलरची बॅटरी. हे मी कधीच विसरणार नाही. एका संस्थेत सगळे डेस्कटॉप एका रात्रीत मंदावले. आम्ही दोन दिवस नेटवर्क, अँटिव्हायरस, विंडोजचे पॅच असं सगळं उलटंपालटं केलं. शेवटी कंट्रोलरचा लॉग उघडला. कॅशची बॅटरी गेली होती, आणि वीज गेल्यावर डेटा हरवू नये म्हणून कंट्रोलरने राइट-बॅक बंद करून राइट-थ्रू सुरू केलं होतं. त्याने योग्यच केलं. पण आधी जे लेखन कॅशमध्ये ठेवताच मान्य होत होतं, ते आता प्रत्यक्ष डिस्कवर उतरेपर्यंत थांबत होतं. बॅटरी बदलली आणि तासाभरात फोन थांबले. त्या दोन दिवसांत लोकांनी जे सोसलं त्याची मला आजही रुखरुख आहे.

घरगुती वापराची एसएसडी या कामाला घेऊ नका, प्रॉक्समॉक्ससारख्या कमी खर्चाच्या मांडणीतही नाही. तिच्यात सुरुवातीचा काही भाग जलद कॅश म्हणून चालतो आणि सतत लेखन झालं की तो संपून वेग कोसळतो. शिवाय वीज गेली तर हातातलं लेखन पूर्ण करायला लागणारे कॅपॅसिटर तिच्यात सहसा नसतात, त्यामुळे झेडएफएससारख्या फाइल सिस्टिमने 'पक्कं लिहून दे' असं सांगितलं की ती फारच हळू होते. वीज जाताना डेटा राखणारी सर्व्हर दर्जाची डिस्क घ्या.

पायरी ८ : खऱ्यासारखी चाचणी घ्या

डिस्कस्पीड किंवा एफआयओ ही स्टोरेजवर मुद्दाम ओझं टाकणारी साधनं वापरा. विखुरलेला ८ केबी ब्लॉक, ८० टक्के लेखन, ऑपरेटिंग सिस्टिमची कॅश बंद, चाचणीची फाइल स्टोरेजच्या कॅशपेक्षा बरीच मोठी आणि वेळ किमान ३० मिनिटं. पाच मिनिटांची चाचणी फक्त कॅशचा वेग सांगते. स्टोरेज डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच ठेवणं) किंवा कॉम्प्रेशन करत असेल तर लिहिला जाणारा डेटा यादृच्छिक आहे याची खात्री करा. डिस्कस्पीड आपणहून एकच ठरावीक नमुना पुन्हा पुन्हा लिहितं, स्टोरेज तो दाबून जवळजवळ शून्य करतं आणि सुंदर पण खोटे आकडे मिळतात. ओझं वाढवत जा आणि विलंब ५ मिलिसेकंद ओलांडतो तिथला आयओपीएस लिहून ठेवा. तीच तुमची खरी मर्यादा. तिच्या साठ टक्क्यांवर सकाळचं शिखर बसलं पाहिजे.

मग खरी माणसं. वीस-पंचवीस जणांना दोन आठवडे बसवा, त्यात हिशेब विभागातले, मोठ्या एक्सेल फाइली उघडणारे हवेतच. लॉगिनला लागणारा वेळ टप्प्यांत फोडून बघा. सिट्रिक्समध्ये डायरेक्टर तो दाखवतं, हॉरायझनमध्ये लॉगॉन मॉनिटर. प्रोफाइल जोडायला किती, ग्रुप पॉलिसीला किती, लॉगिन स्क्रिप्टला किती. चाळीस सेकंदांपैकी पंचवीस सेकंद एका बंद पडलेल्या प्रिंटरचा शोध घेण्यात जात असतील तर त्याला कुठलंही स्टोरेज उपाय नाही. सोबत त्या माणसांनाही विचारा. "कालच्यापेक्षा आज कसं वाटलं?" एवढंच.

सगळे डेस्कटॉप सुरू झाल्यावर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तीच पायरी १ ची मोजणी त्याच वेळी पुन्हा करा. सोबत कंट्रोलरच्या बॅटरीची स्थिती, एसएसडीची उरलेली आयुर्मर्यादा, डेटास्टोअरवरची मोकळी जागा आणि विसरून राहिलेले स्नॅपशॉट (मशीनची जुनी स्थिती साठवलेल्या फाइली), या चार नोंदी त्याच वहीत करा. नवे पंचवीस डेस्कटॉप हवेत अशी मागणी आली की आधी ती वही उघडा.